पुढचा ब्रेक

वयाच्या अडतिसाव्या वर्षी मोटरसायकल शिकायला घेतली. (हसू नका!) गुरू म्हणजे धाकटा भाऊ, गाडी त्याचीच, जुनी. क्लच सोडताना पाच-सहा वेळा बंद पडली. असो, ते सगळ्यांचंच होतं. पण त्याचा पहिला धडा काय, तर "ताई, पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, उलटशील."

मला हा सल्ला घातक वाटतो. ब्रेक लावला की सगळा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून गाडी थांबवण्याचं मुख्य काम तेच करतं. मागचं हलकं होतं आणि नुसतं घसरतं. एकदा कुत्रं आडवं आलं, मी फक्त मागचा दाबला. कुत्रं वाचलं, माझा गुडघा नाही.

२०१९ मध्ये १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस सक्तीचं झालं. सीबीएसमध्ये मागचा दाबला की पुढचाही थोडा लागतो. पण जुन्या गाड्या आणि जुने गुरू अजून रस्त्यावर आहेतच ना!

आता रोज सकाळी रिकाम्या मैदानात हँडल सरळ ठेवून पुढचा ब्रेक हळूहळू आवळत थांबायचा सराव करते. मागचा सोबतीला असतोच. आणि हो, वाळूवर नाही, वळणावर तर नाहीच. सुरुवातीला भावाच्या गाडीचा पुढचा ब्रेक लागेचना. पाहिलं तर केबल कधीची सैल पडली होती. त्याला पत्ताच नव्हता.