दहा राग, एक डिस्को बीट

आमच्या जळकोटात डीजे म्हणजे वरातीपुढचा टेम्पो. तिथे ‘हाऊस म्युझिक’ म्हटलं की विचारतील, कुणाच्या घरचं? पण बॉस, हा साउंड मुंबईत आधीच वाजला होता! सिनेसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये रोलँडच्या टीबी-३०३ आणि टीआर-८०८वर दहा राग डिस्को ठेक्यात वाजवले. ३०३चा सूर मींडेसारखा घसरतो, म्हणून राग त्यावर फिट्ट बसले. रेकॉर्ड मात्र खपली नाही. त्याच ३०३वरची शिकागोची ‘ॲसिड ट्रॅक्स’ आली १९८७मध्ये. पुढे एका डच संग्राहकाच्या हाती ती जुनी रेकॉर्ड लागली, २०१०मध्ये पुन्हा निघाली आणि सत्तरी ओलांडलेले चरणजित युरोपात लाइव्ह वाजवू लागले. २०१५मध्ये ते गेले. म्हणून सांगते, घरातल्या रेकॉर्ड्स भंगारात देण्याआधी एकदा सुई टेकवून बघाच.