हरकत घेणाऱ्यांचे राज्य

कोल्हापूर जिल्ह्यातल्या मसाई पठारावर मार्च २०१७ मध्ये एका मंगळवारी रात्री पेट्रोल बॉम्ब घेऊन आलेल्या टोळक्याने संजय लीला भन्साळींच्या ‘पद्मावती’ चित्रपटाचा सेट पेटवला, कपडेपट जाळला आणि अंधारात पोबारा केला. त्याच वर्षी जानेवारीत जयपूरच्या जयगडावर भन्साळींना मारहाण झाली, तेव्हा ते राजस्थानचे दुखणे म्हणून आपण पान उलटले होते. ते दुखणे आता पन्हाळ्याच्या शेजारी येऊन पोचले आहे. हल्लेखोर कोण आणि कोणाच्या सांगण्यावरून आले, हे पोलिसांनी शोधायचे होते. पण ज्या चित्रपटाचे चित्रीकरणच तेव्हा पुरे झालेले नव्हते, ज्यातले एक दृश्यही प्रेक्षकांपुढे आलेले नव्हते, त्याने भावना दुखावल्याची ओरड जयपुरात झाली, हात उगारले गेले, आणि त्यातून कुणाचे काही बिघडले नाही. पुढच्याला काडी लावायचे धाडस अशाच ढिलाईतून येते.

त्याच आठवड्यात आसामातून दुसरी बातमी आली. ‘इंडियन आयडॉल ज्युनिअर’च्या २०१५ च्या पर्वात उपविजेती ठरलेल्या सोळा वर्षांच्या नाहिद आफरीन हिचा २५ मार्चला होजाई जिल्ह्यातल्या लंका गावी गाण्याचा कार्यक्रम ठरला होता. तो शरियतविरोधी आहे, लोकांनी तिकडे फिरकू नये, अशी पत्रके चाळीसहून अधिक मौलवींच्या नावाने वाटली गेली. तो फतवा नव्हता, नुसते आवाहन होते, असा खुलासा नंतर झाला. दहावीतल्या मुलीच्या घरी त्या कागदाने जी धास्ती शिरली, ती या खुलाशाने कमी होत नाही. त्याआधी काहीच दिवस शेजारच्या कर्नाटकात सुहाना सय्यद ‘सा रे ग म प’च्या मंचावर बालाजीचे भक्तिगीत गायली, तर समाजमाध्यमांवर तिच्यावर चिखलफेक झाली. परक्या पुरुषांसमोर ती उभी राहिली, हा तिचा गुन्हा!

नाहिदच्या बातमीने संतापलेले बरेच जण मसाईबद्दल मूग गिळून बसले. मसाईचा निषेध करणाऱ्यांतल्या काहींना नाहिदचे नाव घेणे अवघड वाटले. आपल्या धर्माचा दंडेलशहा तो भाविक आणि दुसऱ्याच्या धर्माचा तो धर्मांध, अशी वाटणी करणाऱ्यांनी कलेच्या स्वातंत्र्याचे नाव घेऊ नये.

दूरचित्रवाणीच्या गाण्याच्या स्पर्धांवरच धर्माच्या ठेकेदारांचा राग का, हे समजून घेतले पाहिजे. या स्पर्धांचा बाजारूपणा, परीक्षकांचे अश्रू, मुलांवर टाकले जाणारे ओझे, यांवर आम्हीही टीका केली आहे आणि करत राहू. पण ज्या घरात गाण्याची परंपरा नाही, ओळखपाळख नाही, अशा घरातली मुलगी तालुक्याच्या गावातून उठून सगळ्या देशासमोर गाते, हे याच मंचाने घडवले. ती कमावते, तिला नाव मिळते, तिचे निर्णय मग ती घेऊ लागते. खरी पोटदुखी ही आहे. काश्मीरमध्ये ‘प्रगाश’ या तीन शाळकरी मुलींच्या बँडला २०१३ साली मुफ्तींनी असेच दटावले. मुख्यमंत्र्यांनी पाठिंब्याचे शब्द दिले, तरीही बँड बंद पडला. नाहिदने मात्र गाणे सोडणार नाही असे सांगितले आहे. मोठी माणसे कचरत असताना या मुलीने दाखवलेल्या हिमतीला आमचा सलाम.

कोल्हापूरला कलेवरची अशी दडपशाही नवी नाही. बाबूराव पेंटरांनी १९२० साली ‘सैरंध्री’ काढला, त्यात स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या म्हणून त्या अभिनेत्रींना त्यांच्याच समाजाने वाळीत टाकले. कीचकवधाच्या दृश्यावर सेन्सॉरची कात्री चालली. गांधीहत्येनंतर १९४८ च्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. कागलचे आनंद यादव यांना ‘संतसूर्य तुकाराम’ मागे घ्यावी लागली आणि २००९ च्या महाबळेश्वर संमेलनाचे अध्यक्षपदही सोडावे लागले. २०१६ मध्ये ते गेले, तेव्हा श्रद्धांजलीच्या भाषणांत या प्रसंगाबद्दल फारसे कोणी बोलले नाही. आणि याच नगरीत शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी गवई म्हणून मान दिला होता. या नगरीने गाणाऱ्याचा धर्म विचारला नव्हता.

हरकत घ्यायला कोणाचीच ना नाही. इतिहासाची मोडतोड वाटते? लेख लिहा, सभा घ्या, न्यायालयात जा. ‘तमस’ मालिका थांबवण्यासाठी १९८८ साली मुंबई उच्च न्यायालयात अर्ज झाला आणि प्रक्षेपणाला स्थगितीही मिळाली. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी आधी मालिका स्वतः पाहिली, मग स्थगिती उठवली. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. पुढच्याच वर्षी रंगराजन खटल्यात त्याच न्यायालयाने बजावले की, निदर्शनांची किंवा हिंसेची धमकी हे अभिव्यक्ती दडपण्याचे कारण होऊ शकत नाही. अभिव्यक्तीचे संरक्षण करणे हे सरकारचे कर्तव्य आहे. हे सांगून अनेक वर्षे झाली, तरी आमचे प्रशासन ‘कशाला वाद ओढवून घेता’ असे म्हणत आयोजकालाच पहिला फोन करते.

वरची यंत्रणाही तेच शिकवते. केबल टीव्ही कायद्याचे कलम १९ जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी, पोलिस आयुक्त यांना तेढीच्या शक्यतेवरून कार्यक्रम रोखण्याचा अधिकार देते. गोंगाट केला की शक्यता तयार होते, हे गोंगाट करणाऱ्यांना पक्के ठाऊक आहे. २०१७ मध्ये सेन्सॉर मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष पहलाज निहलानी यांनी ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ला प्रमाणपत्र नाकारले आणि मंडळाने कात्री सोडून फक्त प्रमाणपत्र द्यावे असे सांगणारा श्याम बेनेगल समितीचा अहवाल तेव्हा वर्षभर धूळ खात पडला होता. सरकारच प्रौढ प्रेक्षकाला अजाण समजत असेल, तर टोळक्यांनी वेगळे का वागावे?

आसामच्या मुख्यमंत्र्यांनी नाहिदला स्वतः फोन करून संरक्षणाचा शब्द दिला, हे चांगले झाले. तो शब्द २५ तारखेला लंका गावच्या मैदानावर पाळला जाणे गरजेचे होते. महाराष्ट्राच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांकडेच गृहखाते होते. त्यांच्याकडून मसाईबद्दल तितक्याच स्पष्ट शब्दांची कोल्हापूर वाट पाहत होते. कॉम्रेड गोविंद पानसरे यांना गोळ्या घातल्या गेल्या त्या शहराच्या पोलिसांनी तरी ‘अज्ञात इसमां’वर गुन्हा नोंदवून फाईल मिटू नये. जाळणारे आणि त्यांना पाठवणारे, दोघेही पकडून न्यायालयात उभे करावेत. नुकसानीची भरपाई त्यांच्याकडूनच वसूल व्हावी. आणि भन्साळींना त्याच पठारावर पुन्हा सेट उभारायचा असेल, तर जिल्हा प्रशासनाने परवानगीसोबत बंदोबस्तही द्यावा, तोही शेवटचे दृश्य चित्रित होईपर्यंत.