विझलेल्या बंबखान्यातला धम्म

जुनी वास्तू जपायची म्हणजे कुंपण घालून फलक लावायचा, अशी आपल्याकडे रूढ समजूत आहे. पूर्व लंडनमधील बेथनल ग्रीनचे उदाहरण तिला छेद देते.

तेथील लाल विटांचे अग्निशमन केंद्र १८८८ सालचे. घोड्यांचे बंब येथूनच धावत सुटत. १९६९ मध्ये ते बंद झाले, वास्तू मोडकळीस आली; आणि १९७८ साली तेथे लंडन बुद्धिस्ट सेंटर उघडले. निर्वाण म्हणजे विझणे, हा योगायोग मोहक खरा. पण खरी थोरवी श्रमांची आहे. डागडुजी मुख्यतः संघरक्षितांच्या तरुण अनुयायांनी स्वतः राबून केली.

हे संघरक्षित म्हणजे ६ डिसेंबर १९५६ रोजी, डॉ. आंबेडकरांच्या निधनाच्या दिवशी, नागपुरात शोकाकुल जनसमुदायापुढे बोलायला उभे राहिलेले इंग्रज भिक्खू. पुढे त्यांच्या वर्तनावर गंभीर आरोप झाले. वास्तूची कथा सांगताना तेही वगळता येणार नाही.

ध्यानासाठी आतली रचना बदलली, म्हणून शुद्धतावादी नाराज होतील. परंतु रिकामी राहिली असती, तर भिंतीही उरल्या असत्या का? मागणे एवढेच, की बुद्धमूर्तीकडे जाणाऱ्याला तेथे राबलेल्या बंबवाल्यांचीही ओळख व्हावी.