जुन्या स्पोर्ट्स कारचा ब्रेक पार्ट कसा ओळखायचा? ‘बसतोय की!’ हे उत्तर का चालत नाही?

आळेफाट्याच्या अलीकडे, पिंपळवंडीत माझ्या मामांच्या शेडमध्ये कांद्याच्या गोण्यांशेजारी एक स्टँडर्ड हेराल्ड उभी आहे. गाडी मद्रासमध्ये बनलेली, पण तिची चुलत बहीण स्पोर्ट्स कार आहे: ब्रिटनची ट्रायम्फ स्पिटफायर. १९६२ मध्ये आलेल्या स्पिटफायरची चॅसी हेराल्डवरूनच बेतलेली होती. दोन्ही गाड्यांचं डिझाइनही इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांचं. ब्रेक मात्र वेगळे. मामांच्या गाडीला चारही चाकांना ड्रम, तर स्पिटफायरला पुढे पहिल्यापासून डिस्क.

म्हणून मामांनी परदेशातून ट्रायम्फचा जुना डिस्क-कॅलिपर सेट मागवला. मेकॅनिकने गाडीचा मूळ होस पाइप त्यात फिरवला. जरा ढिला होता. ‘दादा, बसतोय की! टेफ्लॉन टेप मारू,’ तो म्हणाला.

मी थांबवलं. वाद झाला. गावात ‘शिकलेला भाचा’ म्हणून टोमणेही ऐकले.

नेमका घोळ कुठे?

जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या ब्रेक पाइपला ३/८ इंची आटे असतात, म्हणजे ९.५ मिमी व्यास आणि इंचाला २४ आटे. मेट्रिकचा जवळचा माप १० मिमी, दर आट्याला १ मिमी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. मेट्रिक नट इंची भोकात शिरतच नाही, त्यामुळे ती चूक लगेच कळते. उलट इंची नट मेट्रिक भोकात सहज जातो, पण आटे जेमतेम निम्मे धरतात. टायरमध्ये हवेचा दाब सुमारे २ बार असतो. जोरात ब्रेक दाबला की पाइपमधला दाब ७० बारच्याही पुढे जाऊ शकतो. शेडमध्ये हळू दाबून बघितलं तर काहीच गळणार नाही. आटे सुटतील ते माळशेज घाट उतरताना. टेपचा उपयोग शून्य, कारण इथे सील आट्यांवर होत नाही, तांब्याच्या वॉशरवर किंवा पाइपच्या पसरवलेल्या तोंडावर होतं.

गाडीचं नाव आणि साल सांगून पार्ट का मागवू नये, याचं उत्तम उदाहरण म्हणजे ट्रायम्फ टीआर६. तिचे सुरुवातीचे गर्लिंग कॅलिपर ‘१६पी’, म्हणजे इंची. १९७३च्या सुमारास ‘१६एम’ आले, म्हणजे मेट्रिक. गाडी तीच, चेहरा तोच. त्यात पन्नास वर्षांत कुणी काय बदललं, हे आरसी बुकात लिहिलेलं नसतं. म्हणून आधी पार्टवर ओतीव अक्षरं शोधा. ती गंजली असतील तर व्हर्निअर आणि थ्रेड गेज लावा. थ्रेड गेज हे काही महागडं हत्यार नाही, आणि ते नसलेल्या गॅरेजमध्ये मी तरी जुन्या गाडीचा ब्रेक उघडू देणार नाही.

मास्टर सिलिंडरचंही तसंच आहे. ५/८ इंचाच्या जागी ३/४ इंचाचा ‘मोठा म्हणून चांगला’ सिलिंडर टाकला, तर पायाचा जोर तेवढाच असताना दाब सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. पेडल मात्र छान कडक लागतं! याच कडकपणाला आपल्याकडे ‘ब्रेक मस्त झाले’ म्हणतात.

ब्रेक ऑइल हा शब्दही फसवा आहे. डॉट ३ आणि डॉट ४ हे तेल नव्हेच. त्यात चुकून इंजिन ऑइल पडलं तर सिलिंडरमधले रबर फुगतात आणि अख्खी किट बदलावी लागते.

मामांच्या कॅलिपरला गेज लावलं, तर १ मिमीचे आटे निघाले. आता एका टोकाला इंची आणि दुसऱ्या टोकाला मेट्रिक असा होस मागवलाय. तोवर हेराल्ड टेकूवर आहे, आणि मामा माझ्याशी मोजकंच बोलतात.