आधी काळी यादी, मग पुतळा : बाँग जून-हो आणि सरकारी श्रेयाची दंतकथा

१/ ऑस्करचा मोसम आला की एक दावा हमखास फिरू लागतो. दक्षिण कोरियाच्या सरकारने नव्वदच्या दशकात धोरण आखले, पैसा ओतला आणि पंचवीस वर्षांत ऑस्कर पदरात पाडून घेतले. आपणही तेच करावे. दावा सोपा आहे, आकर्षक आहे आणि निम्म्याहून अधिक खोटा आहे. 'पॅरासाइट'चे दिग्दर्शक बाँग जून-हो यांच्याच कारकिर्दीवर तो घासून पाहू. #धागा

२/ खरा भाग आधी मान्य करू. १९९४ च्या एका सरकारी अहवालाने 'ज्युरासिक पार्क'च्या कमाईची तुलना १५ लाख ह्युंदाई मोटारींच्या विक्रीशी केली आणि चित्रपट हा उद्योग आहे याची राज्यकर्त्यांना जाणीव झाली. बाँग जेथे शिकले ती कोरियन अकॅडमी ऑफ फिल्म आर्ट्स सरकारीच. वर्षातील ठरावीक दिवस देशी चित्रपट दाखवण्याचे चित्रपटगृहांवरील बंधनही सरकारचेच.

३/ पण पैशाइतकीच, किंबहुना अधिक, महत्त्वाची गोष्ट म्हणजे तोंडावरची पट्टी निघाली. पार्क चुंग-ही यांच्या लष्करी राजवटीपासून चित्रपटांवर कठोर पूर्वपरीक्षण होते. ते ४ ऑक्टोबर १९९६ रोजी घटनात्मक न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. त्या न्यायालयाची स्थापनाच १९८७ च्या लोकशाही आंदोलनानंतरच्या राज्यघटनेने झाली होती. हे स्वातंत्र्य कोणा मंत्र्याने बहाल केलेले नाही. रस्त्यावर लढून मिळवलेले आहे.

४/ बाँग यांच्या घराला बंदीचा अर्थ आधीच ठाऊक होता. त्यांचे आजोबा पार्क ते-वॉन हे नामांकित कादंबरीकार. कोरियन युद्धाच्या काळात ते उत्तरेत गेले आणि दक्षिणेत त्यांची पुस्तके निषिद्ध ठरली. ही बंदी उठली १९८८ साली. त्याच वर्षी नातवाने सोलच्या योन्से विद्यापीठात समाजशास्त्रासाठी प्रवेश घेतला. तेव्हाही विद्यार्थ्यांची निदर्शने आणि अश्रुधूर हे तेथील नित्याचे दृश्य होते.

५/ २००० सालचा त्यांचा पहिला चित्रपट तिकीटखिडकीवर आपटला. दुसरा होता 'मेमरीज ऑफ मर्डर' (२००३). १९८६ ते १९९१ या काळात ह्वासाँग परिसरात दहा स्त्रिया व मुलींच्या हत्या झाल्या. त्यावर तो आधारलेला आहे. त्यात पोलीस संशयितांना मारहाण करून कबुलीजबाब घेतात. ऐन वेळी कुमक मागितली जाते, तेव्हा उत्तर मिळते की सारे जवान निदर्शने मोडण्यासाठी गेले आहेत. हुकूमशाही नागरिकांवर पाळत ठेवू शकते, त्यांचे रक्षण करू शकत नाही, हे यापेक्षा थोडक्यात कोणी सांगितले आहे?

६/ हे चित्रण म्हणजे पोलिसांची बदनामी, असे म्हणणाऱ्यांना उत्तर इतिहासानेच दिले. २०१९ साली डीएनए चाचणीतून खरा मारेकरी उघड झाला. त्यांतील एका खुनासाठी एका निरपराध माणसाने सुमारे २० वर्षे तुरुंगात काढली होती. डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. बाँग यांनी १७ वर्षे आधी दाखवलेले खोटे ठरले नाही.

७/ 'द होस्ट' (२००६). सोलमधील अमेरिकी लष्करी तळावर २००० साली फॉर्मॅल्डिहाइड गटारात ओतले गेले होते; त्या प्रकरणातून या चित्रपटातील राक्षस जन्मला. जेमतेम पावणेपाच कोटींच्या देशात १ कोटी ३० लाखांहून अधिक तिकिटे विकली गेली. त्याच वर्षी, अमेरिकेशी व्यापार कराराची वाट मोकळी करताना, सरकारने देशी चित्रपटांचे राखीव दिवस १४६ वरून ७३ वर आणले. दूरदृष्टीचे धोरण म्हणतात ते हेच काय?

८/ याहून लज्जास्पद प्रकरण पुढे आहे. ली म्युंग-बाक आणि पार्क ग्युन-हे या दोन राष्ट्राध्यक्षांच्या काळात सरकारला न रुचणाऱ्या कलावंतांच्या गुप्त याद्या तयार झाल्या. २०१६ मध्ये उघड झालेल्या यादीत सुमारे साडेनऊ हजार नावे होती. काळ्या यादीत टाकलेल्यांत बाँग जून-हो होते. पार्क यांचे माजी चीफ ऑफ स्टाफ आणि माजी सांस्कृतिक मंत्री या प्रकरणात दोषी ठरले. २०२० मध्ये घटनात्मक न्यायालयाने ही यादी घटनाबाह्य ठरवली.

९/ 'पॅरासाइट'च्या पाठीशी असलेल्या सीजे समूहाच्या उपाध्यक्ष ली मी-क्यंग यांनी पद सोडावे, यासाठीही पार्क यांच्या कार्यालयातून दबाव आला होता. त्याबद्दल त्यांच्या माजी आर्थिक सचिवाला न्यायालयाने दोषी ठरवले. म्हणजे दिग्दर्शक काळ्या यादीत आणि निर्मितीमागची उद्योजिका दबावाखाली! यालाच कोणी 'सरकारी पाठबळ' म्हणणार असेल, तर शब्दांना अर्थ उरत नाही.

१०/ ९ फेब्रुवारी २०२०. 'पॅरासाइट'ला चार ऑस्कर. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळवणारा हा पहिला इंग्रजीतर चित्रपट. काही दिवसांतच त्यांच्या जन्मगावी, देगूमध्ये, निवडणुकीला उभ्या राहणाऱ्यांनी घोषणा केल्या : बाँग यांचे संग्रहालय, जन्मस्थळ, पुतळा! या घोषणा पार्क ग्युन-हे यांच्याच, केवळ नाव बदललेल्या पक्षातून आल्या. हे सारे मी मेल्यावर बोला, असे बाँग यांनी हसत सुनावले.

११/ मग शासनाने काहीच करू नये काय? तसे मुळीच नाही. राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग यांचे सूत्र होते : साहाय्य करा, ढवळाढवळ करू नका. या सूत्राचा पूर्वार्ध सर्वांना पाठ आहे; उत्तरार्ध सोयीस्करपणे गाळला जातो. शाळा काढा, निधी द्या, पडदे राखून ठेवा. पण त्या शाळेतून बाहेर पडलेला विद्यार्थी तुमच्याच पोलिसांवर, तुमच्याच मित्रराष्ट्रावर, तुमच्याच श्रीमंतीवर कॅमेरा रोखील, तेव्हा हात मागे ठेवण्याची तयारी हवी.

१२/ 'पॅरासाइट'मध्ये देशाची 'प्रतिमा' उजळ करणारे काय आहे? पावसाच्या पाण्याने भरणारे अर्धतळघर, माणसाच्या अंगाचा वास, तळघरात दडलेला कर्जबाजारी माणूस. देशाची शोभा वाढवण्यासाठी नेमलेल्या कोणत्या समितीने ही पटकथा मंजूर केली असती? पुतळा उभारणे स्वस्त असते. आपल्याविरुद्ध बोलणाऱ्या कलावंताला काम करू देणे महाग असते, आणि कोरियाचे अनुकरण करायचेच असेल तर ती किंमत मोजावी लागते.

धागा समाप्त.