माशाला टेन्शन येतं का?

गेल्या महिन्यात शिरोळला गेलो होतो. संध्याकाळी काकांबरोबर तेरवाड बंधाऱ्यावर उभा होतो. पंचगंगेच्या पाण्याला तो ओळखीचा वास होता आणि मी नेहमीप्रमाणे पुस्तकी बोललो, "काका, हे मासे कायम टेन्शनमध्ये असणार."

काका हसले. "माशाला कसलं रं टेन्शन? त्येला काय घराचं हप्तं फेडायचं हाईत?"

हप्ते फेडणाऱ्या माणसाला हा टोला जरा वर्मी लागतो. तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून हा शनिवारचा उद्योग.

तुमच्या घरी फिशटँक असेल तर एक गोष्ट तुम्ही पाहिली असेल. दुकानातून आणलेला मासा टाकीत सोडला की आधी तळ गाठतो, कोपऱ्यात थिजून बसतो आणि मग हळूहळू धीर करून वर यायला लागतो. संशोधक नेमकं हेच बघतात, फक्त घड्याळ लावून. त्यांचा लाडका मासा म्हणजे झेब्राफिश. अंगावर निळसर पट्टे, जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढा, आणि मूळचा आपल्याच उपखंडातला. त्याला अनोळखी टाकीत पाच-सहा मिनिटं सोडायचं आणि तो तळाशी किती वेळ राहिला, किती वेळा थिजला, हे मोजायचं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात पाण्यात कॅफिन घातल्यावर मासे जास्त बिथरले. उलट दोन आठवडे फ्लुओक्झेटिन दिलेले मासे जास्त वेळ वर पोहले आणि त्यांच्या अंगातलं कॉर्टिसॉलही कमी भरलं. फ्लुओक्झेटिन म्हणजे माणसांना डिप्रेशनसाठी देतात तेच औषध.

कारण यंत्रणा जवळपास तीच आहे. भीती वाटली की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरीला निरोप धाडतो, तिथून तो पुढे जातो आणि शेवटी रक्तात कॉर्टिसॉल येतं. आपल्यात ते मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून येतं. माशात तशी वेगळी ग्रंथी नसते, मूत्रपिंडाच्या पुढच्या भागातल्या पेशीच ते काम करतात. हार्डवेअर थोडं वेगळं, प्रोटोकॉल तोच.

पण ही यंत्रणा सुरू होऊन भागत नाही, वेळेवर बंदही व्हावी लागते. कॉर्टिसॉल पुरेसं झालं हे ओळखणारा रिसेप्टर जनुकातल्या दोषामुळे बिघडलेले काही झेब्राफिश आहेत. त्यांचं कॉर्टिसॉल चढलेलंच राहतं, आणि तीच टाकी पुन्हा पुन्हा दाखवली तरी त्यांना तिची नीट सवय होत नाही. २०१३ च्या एका अभ्यासात पाण्यात फ्लुओक्झेटिन घातल्यावर ते नीट वागायला लागले. आणि दुसरा मासा नुसता नजरेला पडला, तरीही लागले!

हे मी काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "आपल्या नदीत शेजारचा मासा दिसाय पाणी तरी नितळ पायजे की रं." यावर काय बोलणार...

आता शास्त्रज्ञ सरळ "चिंता" म्हणत नाहीत, "चिंतेसारखं वर्तन" म्हणतात. माशाला आतून काय वाटतं ते विचारता येत नाही, त्यामुळे त्यांची सावधगिरी रास्तच. पण त्या "सारखं"च्या आडून आपण सगळे सुटतो, ते मला पटत नाही. कारण भीती हा बग नाही. कार्ल फॉन फ्रिश (मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारे, पुढे नोबेल मिळालेले) यांनी १९३८ मध्येच लिहून ठेवलंय की मिनो जातीचा मासा जखमी झाला, की त्याच्या कातडीतून पाण्यात असं काही सुटतं की बाकीचे घाबरून पळतात. म्हणजे भीती हा त्यांचा अलार्म आहे.

तो अलार्म म्यूट केला तर काय होतं? स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठाच्या संशोधकांनी पर्च माशांना ऑक्झॅझेपाम या चिंतेवरच्या औषधाच्या पाण्यात ठेवलं. प्रमाण किती, तर लिटरमागे १.८ मायक्रोग्रॅम. मेंदूचा ब्रेक असलेल्या गाबा या रसायनाचा परिणाम हे औषध वाढवतं. मासे जास्त हिंडू लागले, कळपापासून सुटे राहू लागले, भराभर खाऊ लागले. २०१३ साली 'सायन्स'मध्ये हे छापून आलं. तिथेच २०२५ मध्ये सॅमनवरचा अभ्यास आला. क्लोबाझाम दिलेली पिल्लं नदीवरची धरणं लवकर ओलांडून गेली आणि त्यांच्यातली जास्त पिल्लं समुद्रापर्यंत पोचली. वरवर बघितलं तर फायदाच की! पण त्याच औषधाने ती शिकारी मासा जवळ असतानाही कळप करून राहीनाशी झाली. रिपोर्ट हिरवा, सिस्टिम मात्र बिघडलेली. आमच्या धंद्यात असे डॅशबोर्ड बरेच पाहिलेत :-)

पंचगंगेवर आपला डॅशबोर्ड त्याहून साधा आहे: मेलेले मासे. तेरवाडला मासे तरंगले की बातमी, आंदोलन, पाण्याचे नमुने. मग पुढच्या खेपेपर्यंत शांतता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत महाराष्ट्रातले नद्यांचे ५३ प्रदूषित पट्टे होते, पंचगंगा त्यातच. आणि गंमत बघा, प्रयोगशाळेत मासा वर आला म्हणजे भीती गेली. बंधाऱ्यावर मासे वर येऊन तोंडं उघडतात ते पाण्यातला ऑक्सिजन संपला म्हणून. मासा वर आहे एवढंच मोजलं तर दोन्ही सारखेच दिसतील.

म्हणून मला "मासे जिवंत आहेत ना, मग पाणी ठीक" हा दाखला मान्य नाही. नेहमीच्या तपासणीत ऑक्सिजन, बीओडी, सामू, जंतू बघतात. ते हवंच. पण कोल्हापूर आणि इचलकरंजीतली लाखो माणसं रोज गोळ्या घेतात. त्यातला काही भाग लघवीवाटे सांडपाण्यात जातो, आणि आपली सांडपाणी केंद्रं औषधं काढायला बांधलेलीच नाहीत. वर्षातून दोनदा, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर, इचलकरंजीच्या खाली आणि नृसिंहवाडीच्या संगमाच्या वर पाण्यात ही औषधं मोजावीत. त्याच पाण्यात झेब्राफिश सोडून पाच मिनिटं बघावं. टाकी, कॅमेरा आणि एक धीराचा विद्यार्थी एवढ्यावर हे काम होण्यासारखं आहे.