‘९० टक्के ऑर्डर वेळेवर’ म्हणण्याआधी भागलं कशाने, ते बघा



वेळेवर डिलिव्हरीची टक्केवारी काढणं एक्सेलमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. पण माझं स्पष्ट मत आहे की, उशीर झालेली ऑर्डर ज्या हिशोबात दिसत नाही, तो हिशोब न केलेलाच बरा.

समजा, तुमचं शिलाईचं दुकान आहे. ऑक्टोबरमध्ये ४० ब्लाउज द्यायचं कबूल केलं होतं. महिना संपला तेव्हा ३० दिले होते. त्यातले २७ वेळेत, ३ उशिरा. उरलेले १० अजून मशीनवरच.

आता गंमत बघा. बी कॉलममध्ये कबूल केलेली तारीख, सी मध्ये प्रत्यक्ष दिल्याची तारीख. ‘सी ची तारीख बी इतकी किंवा आधीची असेल तर १, नाहीतर ०’ असा इफचा फॉर्म्युला डी मध्ये लावला, तर न दिलेले १० ब्लाउजसुद्धा ‘वेळेवर’ ठरतात! कारण तुलना करताना एक्सेल रिकामा सेल शून्य धरतं. उत्तर येतं ३७ भागिले ४०, म्हणजे ९२.५ टक्के. फक्त दिलेले ब्लाउज धरले तर २७ भागिले ३०, म्हणजे ९० टक्के. आणि खरं उत्तर? २७ भागिले ४०, म्हणजे ६७.५ टक्के.

फरक नुसत्या आकड्याचा नाही. ९० टक्के बघून तुम्ही लग्नसराईच्या आणखी ऑर्डर घ्याल. ६७.५ बघितलं तर आधी एक कारागीर शोधाल. आणि ज्या दहा जणी रोज फोन करतायत, त्याच गल्लीभर तुमचं नाव सांगणार आहेत. चांगलं की वाईट, ते तुम्हीच ठरवा.

म्हणून तीन गोष्टी पाळा.

१. इफच्या आत अँड वापरून दोन अटी घाला: सी रिकामा नसावा आणि सी ची तारीख बी च्या पुढे नसावी. मग डी ची बेरीज भागिले त्या महिन्यात द्यायच्या सगळ्या ऑर्डर. सेलला टक्केवारीचा फॉरमॅट द्या. वर १०० ने गुणू नका.

२. महिन्यांच्या टक्केवारीची सरासरी काढू नका. एका महिन्यात १० पैकी १० वेळेवर, दुसऱ्यात ९० पैकी ५४. सरासरी ८० टक्के दिसते, पण खरे १०० पैकी ६४ च.

३. कबूल केलेली तारीख एकदा लिहिली की बदलायची नाही. नवी तारीख दिली तर वेगळ्या कॉलममध्ये लिहा.

गिऱ्हाईक तुमची शीट बघत नाही, ते कॅलेंडर बघतं. तुमचा फॉर्म्युलाही तेच कॅलेंडर बघणारा हवा. मागच्या महिन्याची शीट उघडा, रिकामे सेल मोजा आणि खरी टक्केवारी किती आली ते कमेंटमध्ये सांगा.